फुकटची बातमी

२८ डिसेंबर २०१५ रोजी मार्क झुकरबर्गने 'टाइम्स ऑफ इंडिया'मध्ये एक लेख लिहिला. त्या लेखाचा नायक होता महाराष्ट्रातला एक शेतकरी, नाव गणेश. फेसबुकच्या 'फ्री बेसिक्स'वर तो हवामान बघतो, बाजारभाव बघतो, आता नवी पिकं आणि जनावरं यांत पैसे गुंतवतोय. आणि मग झुकरबर्ग विचारतो की, गणेशने शेती जरा नीट केली तर त्याने इंटरनेटचं काय नुकसान होतं?

त्या लेखात गणेशचं गाव नाही, तालुका नाही, पीक कोणतं तेही नाही. महाराष्ट्रात 'गणेश नावाचा शेतकरी' म्हणजे किती लाख माणसं झाली, याचा तुम्हीच अंदाज करा. पण पीआरमध्ये माणसाला गाव लागत नाही, चेहरा लागतो. गावाचं नाव दिलं की कुणीतरी जाऊन विचारणार की बाबा, बाजारसमितीतला भाव तुला आधी कळत नव्हता का, आणि कळल्यावर व्यापाऱ्याने तो दिला का?

तुमच्यापैकी बरेच जण तेव्हा शाळेत असाल, म्हणून प्रकरण थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सला सोबत घेऊन 'इंटरनेट डॉट ऑर्ग' भारतात आणलं. ठरावीक वेबसाइट्स डेटाचे पैसे न देता बघा, अशी योजना. कोणत्या साइट्स, कोणत्या अटींवर, हे ठरवणार फेसबुक. कार्ड मात्र त्या एकाच कंपनीचं. 'डॉट ऑर्ग' या नावावरूनच टीका व्हायला लागली, कारण ते नाव धर्मादाय संस्थेचं वाटतं. मग सप्टेंबरमध्ये बारसं झालं आणि 'फ्री बेसिक्स' हे नाव आलं. डिसेंबरमध्ये ट्रायने जनतेची मतं मागवली. प्रश्न चार होते, आणि सगळ्यांचा गाभा असा की, वेगवेगळ्या साइट्ससाठी डेटाचा वेगवेगळा दर लावायची मुभा कंपन्यांना द्यावी का.

फेसबुकने काय करावं? आपल्या वापरकर्त्यांना तयार पत्र दिलं. बटण दाबा, ट्रायला मेल जाईल. पानभर जाहिराती, रस्त्यावर होर्डिंग, आणि सगळीकडे एकच शब्द, 'डिजिटल समता'. लाखो पत्रं गेली. गंमत अशी की, ट्रायने विचारलेल्या चार प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर त्या तयार मजकुरात नव्हतं. ट्रायने तसं कंपनीला लेखी कळवलं. पत्राची भाषा सरकारी पत्राच्या मानाने बरीच तिखट होती. सल्लामसलतीची प्रक्रिया म्हणजे मागून सूत्रं हलवून घडवलेली मतचाचणी नव्हे, असा तिचा सूर होता. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने असे भेदभावाचे दर बंद केले. मोडणाऱ्याला रोज ५०,००० रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. दोनच दिवसांत फेसबुकच्या संचालक मंडळावरच्या मार्क अँड्रीसनने ट्विट करून भारताच्या वसाहतवादविरोधालाच भिकेचं कारण ठरवलं. मग ट्विट काढलं, माफी मागितली. झुकरबर्गनेही हात झटकले. पण इतक्या महिन्यांच्या गोड जाहिरातींमध्ये जे कुठेच आलं नव्हतं, ते त्या एका ओळीत आलं.

हे प्रकरण मी विजयाची गोष्ट म्हणून सांगत नाहीये. 'टाइम्स'ने झुकरबर्गच्या लेखाला निखिल पाहवांचं उत्तरही छापलं, हे मान्य. पण एक बाजू एका लेखात, आणि दुसरी बाजू लेखात, पानभर जाहिरातीत, होर्डिंगवर आणि तुमच्या स्वतःच्या फेसबुकवर, याला कुणी 'दोन्ही बाजू' म्हणत असेल तर त्याला माझा नमस्कार.

मी काही वर्षं एका मराठी न्यूज पोर्टलच्या डेस्कवर होतो. नाव राहू द्या, सगळीकडे साधारण सारखंच चालतं. सकाळी अकराच्या सुमारास पीआर एजन्सीची मेल येते. तिच्यात प्रेसनोट, साहेबांचा फोटो तीन आकारांत, साहेबांचं 'आम्हाला अत्यंत आनंद होत आहे' हे वाक्य अवतरणचिन्हांसकट तयार, आणि अलीकडे मराठी भाषांतरही. ते असं असतं की 'तुमच्या शक्यता अनलॉक करा'. बातमी अमुक वाजेपर्यंत लावायची नाही, अशी अट असते. तिला एम्बार्गो म्हणतात. मोठ्या लाँचला विमानाचं तिकीट आणि हॉटेल कंपनीचं. आणि दुपारी फोन येतो, "सर, मेल बघितली का? आज लागेल ना?" डेस्कवरच्या पोराला पाळीत दहा-बारा बातम्या काढायच्या असतात. तो काय करणार? शक्यतांचं कुलूप काढतो, 'आम्ही'च्या जागी 'कंपनी' करतो, आणि लावतो.

इथे कुणी पाकीट घेतलेलं नाही, आणि हेच जास्त वाईट आहे. पाकीट घेणारा पकडता तरी येतो. तंत्रज्ञानाची बातमी म्हणजे नव्या फोनची किंमत आणि फुकट ऑफर, असं मालकांनी ठरवून टाकलंय, आणि त्या विभागाला प्रवासखर्च, कायदा समजणारा माणूस, चार दिवसांची सवड यांपैकी काहीच दिलेलं नाही. कुठल्याशा साखर कारखान्याची वार्षिक सभा कव्हर करायला वार्ताहर जातो, चेअरमनला प्रश्न विचारतो, भांडतोसुद्धा. राज्यातल्या कोट्यवधी लोकांच्या खिशात ज्यांचं दुकान आहे, त्या कंपन्यांसाठी मात्र आपल्याकडे एक मेल आयडी आहे.

एजन्सीचं काम आनंद कळवण्यापुरतं असतं, असंही समजू नका. २०११ मध्ये फेसबुकने बर्सन-मार्स्टेलर ही मोठी पीआर कंपनी गुपचूप नेमली होती, गुगलच्या प्रायव्हसीबद्दल वाईट बातम्या पेरायला. एका ब्लॉगरने ती मेलच जाहीर केली म्हणून कळलं. २०१८ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने डिफायनर्स नावाच्या फर्मचं काम उघड केलं. ती फेसबुकच्या टीकाकारांचा संबंध जॉर्ज सोरोसशी जोडून पत्रकारांना पुरवत होती. २०२२ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने टार्गेटेड व्हिक्टरीचं प्रकरण काढलं, तिथे लक्ष्य होतं टिकटॉक. तीनही वेळा पेरणी पकडली गेली ती पत्रकाराने किंवा ब्लॉगरने 'ही मेल मला कोण पाठवतंय, आणि त्याला पैसे कोण देतंय' असं विचारलं म्हणून. डेस्कवर हा प्रश्न मी फार क्वचित ऐकला.

आता आपल्या घरची गोष्ट. १ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली. अशा अफवा त्या काळात व्हॉट्सॲपवर देशभर फिरत होत्या. सरकारने कंपनीला खडसावलं. आणि १० जुलैला व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. खोटी माहिती कशी ओळखावी, याच्या दहा सूचना. फॉरवर्ड आलंय का बघा, फोटो नीट तपासा, शुद्धलेखन बघा.

शुद्धलेखन! पाच माणसं दगडाविटांनी मारली गेली त्यानंतर दहाव्या दिवशी जगातली एक बलाढ्य कंपनी आपल्याला ऱ्हस्व-दीर्घ तपासायला सांगत होती. त्या पानाने अपराधाचं ओझं अलगद उचलून वाचकाच्या डोक्यावर ठेवलं. आणि मग आणखी काही दिवसांनी कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणायचं ठरवलं. चांगलंच केलं. पण याचा अर्थ असा की तो नळ कंपनीच्या हातात होता, आधीपासून. त्या जाहिरातीत हे कुठे होतं? आणि ज्या पेपरने ते पान विकलं, त्याने आतल्या पानावर तरी हे विचारायला हवं होतं की नाही?

जानेवारी २०२१ मध्ये तेच पुन्हा झालं. व्हॉट्सॲपने नवं प्रायव्हसी धोरण आणलं, लोक बिथरले, लगेच पहिल्या पानावर जाहिरात आली की आम्हाला तुमच्या खासगीपणाबद्दल आदर आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पर्धा आयोगाने त्याच धोरणाबद्दल मेटाला २१३.१४ कोटींचा दंड केला, कंपनी अपिलात गेली. दंडाची बातमी आली, पण पान भरून नाही आली.

मला माहितीये तुम्ही आता काय म्हणाल. फुकट मिळतंय तर तुझ्या पोटात का दुखतंय? दुखत नाही. घ्या. कॉलेजच्या पोरीला चांगलं साधन मिळत असेल तर तिने नाही म्हणावं, असं सांगणारा मी कोण? माझं भांडण ऑफरशी नाही, तिच्या बातमीशी आहे. २०२५ च्या जुलैत एअरटेलने पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट दिलं, 'किंमत १७,००० रुपये'. ऑक्टोबरअखेरीस जिओने गुगलचं जेमिनी प्रो १८ महिने, 'किंमत ३५,१०० रुपये'. नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी गो, एक वर्ष. हे आकडे मथळ्यांत झळकले आणि खाली 'असं करा क्लेम'. किंमत ठरवली विकणाऱ्यानेच. लक्ष्मी रोडवरच्या दुकानाने साडीवर आधी मोठा आकडा लिहून मग तो खोडला, तर पेपर त्याची बातमी करत नाही, जाहिरातीचं दरपत्रक पाठवतो.

आणि जे विचारायचं होतं ते असं की, मी त्या खिडकीत जे लिहीन, माझ्या आईचे रिपोर्ट, माझा बायोडाटा, माझी भांडणं, ते कुठे साठणार? मराठीत प्रॉडक्ट बनवणारा पुण्यातला एखादा छोटा गट या फुकटाशी कसा टिकणार? मुदत संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का? 'असं करा क्लेम' लिहिणाऱ्याने 'असं करा बंद' एवढं तरी लिहावं.

जिओच्या ज्या ग्राहकांनी पहिल्याच दिवशी ऑफर घेतली, त्यांचे १८ महिने २०२७ च्या एप्रिलअखेर भरतात. कुठल्या मराठी डेस्कवरच्या कॅलेंडरवर ती तारीख लिहून ठेवलीये, ते मला कळवा.