अठराशे पंचावन्नची बढती

आमच्या बँकेतली ज्येष्ठता यादी जगात सर्वांत हट्टी, असं मी समजत होतो. फ्रान्सातल्या बोर्दोची यादी तिच्यावर ताण निघाली! १८५५च्या पॅरिस प्रदर्शनासाठी दलालांनी तिथल्या तांबड्या वाइन पाच वर्गांत बसवल्या; एक सोडली तर साऱ्या मेदोकच्या. चाखून नव्हे, बाजारभाव पाहून! तेव्हा भावावरून दर्जा ठरला, आता दर्जावरून भाव ठरतो. वरच्या वर्गात बढती मिळाली ती एकट्या मूटॉन रॉथशिल्डला, १९७३ साली. बरं, दर्जा शातोच्या नावाला. खडीत खोल मुळं धरणाऱ्या कॅबर्ने सोव्हिन्याँला विचारतो कोण! दुसऱ्या वर्गातल्या शातोनं गावातलं आणखी वावर घेतलं, की तिथली द्राक्षंही दुसऱ्या वर्गात. माझं म्हणणं, शेजारच्या सेंट-एमिलियनसारखी दहा-दहा वर्षांनी यादी नवी करा. त्यांची २००६ची यादी कोर्टानं रद्द केली म्हणता? करू दे की! आमच्याकडचे लोकही कोर्टात जातातच.