हक्क वापरला, हाच गुन्हा!

हाँगकाँगचे जिमी शाम ३० मे २०२५ रोजी तुरुंगातून सुटले. चार वर्षांहून जास्त काळ ते आत होते. ते शा टिन भागातून जिल्हा मंडळावर निवडून आलेले, म्हणजे आपल्याकडच्या नगरसेवकासारखे लोकप्रतिनिधी. त्यांनी बॉम्ब फोडला नव्हता की शस्त्र उचलले नव्हते. मग राष्ट्रीय सुरक्षेला धोका कसला? आंबेडकरी तरुणांनी हे प्रकरण मुळापासून समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते.

२०१९ साली हाँगकाँगमध्ये लोकशाहीसाठी लाखोंचे मोर्चे निघाले. ते काढणाऱ्या संघटनांच्या आघाडीचे शाम हे निमंत्रक होते. त्या ऑक्टोबरमध्ये भर रस्त्यात त्यांच्यावर हातोड्यांनी हल्ला झाला. पुढच्याच महिन्यात लोकांनी त्यांना निवडून दिले. त्या निवडणुकीत सुमारे ७१ टक्के मतदान झाले आणि १८ पैकी १७ जिल्हा मंडळे लोकशाहीवाद्यांकडे गेली.

३० जून २०२० रोजी बीजिंगने राष्ट्रीय सुरक्षा कायदा लादला. त्यानंतर दोनच आठवड्यांत, ११ आणि १२ जुलैला, लोकशाहीवाद्यांनी विधिमंडळासाठी आपले उमेदवार कोण हे ठरवायला लोकांचे मतदान घेतले. सहा लाखांहून अधिक लोक रांगेत उभे राहिले. बहुमत मिळवायचे, अर्थसंकल्प अडवायचा आणि सरकारला मागण्यांवर झुकवायचे, असा बेत होता. हा बेत आला कुठून? हाँगकाँगच्या मूलभूत कायद्यातून! विधिमंडळाने अर्थसंकल्प नाकारला तर प्रशासनप्रमुख ते बरखास्त करू शकतो. नव्या विधिमंडळानेही नाकारला तर त्याने राजीनामा द्यायचा, असे त्यातच लिहिले आहे.

सरकारने याला 'राज्यसत्ता उलथवण्याचा कट' ठरवले. ४७ जणांवर खटला झाला. ज्युरी नाही आणि न्यायाधीश प्रशासनप्रमुखाने नेमलेल्या यादीतले. ४५ जणांना नोव्हेंबर २०२४ मध्ये चार ते दहा वर्षांच्या शिक्षा झाल्या. शाम यांना ४ वर्षे ३ महिने. ज्या विधिमंडळासाठी हा सगळा खटाटोप होता, ती निवडणूक सरकारने आधीच पुढे ढकलली होती. न झालेल्या निवडणुकीत न मिळालेल्या बहुमताने न अडवलेल्या अर्थसंकल्पासाठी ही शिक्षा!

कुणी म्हणेल, शाम यांनी गुन्हा कबूल केला होता. केला होता. पण या कायद्यात जामीन नाकारणे हा नियम आहे, जामीन मिळणे हा अपवाद. निकालाआधीच वर्षानुवर्षे कोठडीत ठेवायचे आणि कबुली दिली तर शिक्षेत सूट द्यायची, अशा व्यवस्थेतल्या कबुलीची किंमत किती धरायची?

मित्रांनो, हे सारे आपल्याला नवे आहे का? १९२३ साली बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. हक्क कागदावर होता तोवर कुणाच्याच पोटात दुखले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि लोकांची डोकी फुटली. पुढे कोर्टाचा मनाई हुकूम आला. उच्च न्यायालयातून अंतिम न्याय मिळायला १९३७ साल उजाडले. म्हणून कोणतीही राजवट ओळखायची तर तिच्या कायद्यात काय लिहिले आहे एवढेच पाहू नका. लिहिलेले वापरणाऱ्याचे ती काय करते ते पाहा.

आपल्या चळवळीतले काही मित्र म्हणतात, हाँगकाँगचे आंदोलन अमेरिकेच्या इशाऱ्यावर चालले होते. आम्ही त्यांना एवढेच विचारतो, गोलमेज परिषदेच्या काळात बाबासाहेबांना इंग्रजांचे हस्तक कोण म्हणत होते? सहा लाख लोकांच्या मताला परक्यांचा डाव म्हणणे आणि अस्पृश्यांच्या मागणीला फुटीचा डाव म्हणणे, ही एकाच मापाची टोपी आहे.

आणि हे आपल्या अंगणातही आहे. यूएपीएच्या कलम ४३ड(५) मुळे आरोप सकृतदर्शनी खरा वाटला तरी जामीन अडतो. भीमा कोरेगाव प्रकरणात सुधीर ढवळे जून २०१८ पासून जानेवारी २०२५ पर्यंत तुरुंगात राहिले, तेही खटला उभा न राहता. आनंद तेलतुंबडे यांना १४ एप्रिललाच स्वाधीन व्हावे लागले. आता महाराष्ट्राने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयकही मंजूर केले. आपल्याकडे अजून निवडणुका होतात, न्यायालये कधीकधी सोडवतात. हा फरक आम्ही नाकारत नाही. तो फरक टिकवणे हेच तर काम आहे.

संविधानिक मार्ग खुले असताना दुसरे मार्ग धरू नका, असे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बजावले. आपण ते पाळतो. पण त्या उपदेशाला दुसरी बाजू आहे: मार्ग खुले ठेवण्याची जबाबदारी सत्तेचीही आहे. म्हणून सुरक्षेच्या नावाचा कोणताही कायदा आला की तीन प्रश्न विचारा. गुन्ह्याची व्याख्या किती सैल आहे? जामिनाचे काय? न्याय करणारा कोण नेमतो? वस्तीत, वसतिगृहात, अभ्यासवर्गात त्याची कलमे वाचा आणि मगच घोषणा द्या.

शाम तुरुंगात असतानाच, सप्टेंबर २०२३ मध्ये, समलिंगी जोडप्यांच्या हक्कांसाठीचा आपला खटला हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयात अंशतः जिंकले. त्यानुसार आणलेले विधेयक सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या विधिमंडळाने फेटाळले. विरोधकांविना उरलेले विधिमंडळ ते! त्या सभागृहात शाम असते तर काय बोलले असते, हे ऐकायचा हक्क त्यांच्या मतदारांना होता.

जय भीम!