आबासाहेबांचा एस.टी.तला फोटो पुरे, आता पत्ता विचारा

30 जुलै आली की आपल्या जिल्ह्यातल्या ग्रुपांवर आबासाहेब परत येतात. भाई गणपतराव देशमुख. अकरा वेळा आमदार, तरी एस.टी.नं प्रवास, मुंबईत आमदार निवासातली खोली, अंगावर साधे पांढरे कपडे. पोस्टच्या खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग. "असा नेता पुन्हा होणे नाही." मीही दरवर्षी हात जोडायचो आणि पुढं सरकायचो.

मागं एकदा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर ही पोस्ट आली, तेव्हा गल्लीत ड्रेनेज तुंबून आठवडा झाला होता. हात जोडणाऱ्यांच्या रांगेत मी सहज एक प्रश्न टाकला, "आपले नगरसेवक सध्या राहायला कुठं आहेत?"

एक म्हणाला, नवीन बंगला बांधलाय, तिकडं. दुसरा म्हणाला, पोरं पुण्यात आहेत, तेही जास्त तिकडंच असतात. तिसरा म्हणाला, घर कशाला पाहिजे, ऑफिसला फोन लाव, पोरगं उचलतंय. नव्वद-एक माणसांचा ग्रुप. खात्रीनं पत्ता सांगणारा एकही नाही. मग कुणीतरी गुड नाइटचा फोटो टाकला आणि विषय संपला.

माझ्या डोक्यातून मात्र तो गेला नाही. आबासाहेबांच्या पोस्टला हात जोडणारे आम्ही, आणि आमच्याच माणसाचं दार आम्हाला माहीत नाही.

म्हणून आज थोडं लांबलचक लिहितोय. वेळ असेल तर वाचा.

आबासाहेबांचा जन्म 10 ऑगस्ट 1926 चा, मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा. वकिली शिकले, सांगोल्यात येऊन काळा कोट घातला आणि तिथंच संसार मांडला. त्या काळातलं सांगोलं म्हणजे काय, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा. माणगंगेचा कोरडा पट्टा. पावसाळा म्हणजे ढग बघायचे दिवस. पोरगी द्यायची तर आधी विहिरीला पाणी आहे का विचारायचे. हुशार वकिलानं पुण्याला किंवा मुंबईला जायचं, नाहीतर निदान सोलापूर कोर्टात बसायचं. हा माणूस सांगोल्यात राहिला आणि 1962 ला तिथूनच पहिल्यांदा आमदार झाला.

पक्ष शेतकरी कामगार. आजच्या पोरांना त्या पक्षाचं नावही धड माहीत नसेल. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी काढलेला पक्ष. एके काळी राज्यात काँग्रेसला घाम फोडायचा. पण पुढं खुद्द जेधे आणि मोरे काँग्रेसमध्ये परतले. यशवंतरावांच्या बेरजेच्या राजकारणात एकेक मोठा माणूस तिकडं जमा होत गेला. जाणाऱ्यांना सत्ता मिळाली, कारखाने मिळाले, बँका मिळाल्या. आबासाहेबांना ती वाट दिसत नव्हती असं थोडंच आहे? त्यांचा लाल बावटा शेवटपर्यंत तोच राहिला. 2022 आणि 2023 ला आपण एका रात्रीत पक्ष, चिन्ह, नेता सगळं बदललेलं बघितलं. त्यानंतर ही गोष्ट पोरांना सांगितली तर त्यांना ती थापच वाटते.

आणि ते कधी हरलेच नाहीत असं नाही. 1972 ला हरले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला परत हरले, तेही फक्त 192 मतांनी. वय 68. आपल्याकडं एवढ्या वयात पडलेला माणूस एकतर घरी बसतो, नाहीतर मागच्या दारानं परिषदेवर जायच्या खटपटीला लागतो. आबासाहेब सांगोल्यातच राहिले, 1999 ला निवडून आले आणि त्याच वर्षी मंत्रीही झाले. 2014 ला अकराव्यांदा निवडून आले तेव्हा वय होतं 88.

आता माझ्या मुद्द्यावर येतो.

त्यांच्या साधेपणाचं एवढं कौतुक करून आपण त्यांना स्वस्तात सोडवलंय असं मला वाटतं. स्वतःलाही. साधे कपडे कुणीही घालतं. निवडणुकीच्या तोंडावर टपरीवर चहा पिणारे आणि बैलगाडीत बसून फोटो काढणारे आपण ढिगानं बघितलेत. एस.टी.चं मोल तिकिटात नाही. त्या गाडीत शेजारी कोण बसेल हे आपल्या हातात नसतं. मंगळवेढ्यावरून सांगोल्याला जाणारी गाडी आठवा. शेजारी ज्याचं काम अडलंय तो बसणार, ज्याचं झालं नाही तोही बसणार. तीन तास खिडकीबाहेर बघून चालत नाही, जाब द्यावा लागतो. काळ्या काचेच्या गाडीतून जाणाऱ्याला तो द्यावा लागत नाही. ती काच उन्हासाठी नसते, हे आता शेंबडं पोरही सांगेल.

सांगोल्यात राहण्याचंही तसंच. ज्याचं घर तालुक्याच्या गावात, ज्याच्या घरचे तिथल्याच बाजारात भाजी घेतात, लग्न-मयतीला जातात, तो माणूस आश्वासन देताना दहादा विचार करतो. उद्या सकाळी तोच माणूस परत दारात येणार असतो ना! चारचौघांत राहणाऱ्या संसारी माणसावर हा एक लगाम असतो. कायद्यात तो कुठं लिहिलेला नाही, पण कायद्यापेक्षा जास्त काम करतो.

या लगामातून काय निघालं ते बघा. सांगोल्याची शेतकरी सहकारी सूतगिरणी. ज्या तालुक्यात कापूस पिकत नाही तिथं सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली. आपण सोलापूरचे, आपल्याला हे जास्त टोचायला पाहिजे. आपलं शहर कापसावरच उभं राहिलं. जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू. त्यांच्या भोंग्यावर आपल्या आज्या स्वयंपाकाला लागायच्या. ते भोंगे सगळे गप्प झाले. राज्यात कितीतरी सहकारी गिरण्या पुढाऱ्यांनी खाऊन बंद पाडल्या. कापूस नसलेल्या सांगोल्यात मात्र सहकारातली गिरणी टिकली. तिचे सभासद आणि तिचा पुढारी एकाच गावात राहत होते, हे मला त्याचं मोठं कारण वाटतं.

दुसरं पाण्याचं. कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी तालुक्यांना द्या, ही मागणी घेऊन क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि आबासाहेब वर्षानुवर्षं भांडले. आटपाडीची ती तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद आठवत असेल. एका वर्षी मोर्चा काढून पुढच्या वर्षी दुसरा विषय, असं नाही केलं. दरवर्षी तोच विषय, तीच माणसं, तीच मागणी. लोक कंटाळतील, पेपरवाले कंटाळतील, पण हे कंटाळले नाहीत. कराडजवळच्या टेंभूचं पाणी पंप लावून उचलत उचलत माणदेशात आलं, त्यामागं ही चिकाटी आहे.

तिसरं रोजगार हमीचं. 1972 च्या दुष्काळात खडी फोडलेली माणसं आपल्या जिल्ह्यात अजून आहेत. त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी पक्की झाली, आणि 1990 ला तिला फळबाग लागवड जोडली गेली. माळावर डाळिंब उभं राहिलं. 28 डिसेंबर 2020 ला देशातली शंभरावी किसान रेल सुटली ती सांगोल्याहून, बंगालमधल्या शालीमारला. खडी फोडणाऱ्याच्या नातवाचं डाळिंब रेल्वेनं कोलकात्याकडं निघालं. हे सगळं एकट्या आबासाहेबांनी केलं असं मी म्हणणार नाही. घाम शेतकऱ्याचा, योजना सरकारची. पण सरकारचं दार वाजवत राहायला एक माणूस लागतो, आणि तो तिथं होता.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर ही पण हात जोडायची पोस्ट होईल.

लोक विचारतात, एवढी वर्षं आमदार होता, मग सांगोल्याच्या सगळ्या गावांना पाणी का नाही मिळालं? प्रश्न बरोबर आहे. बहुतेक काळ विरोधी बाकावर बसलेल्या आमदाराच्या तालुक्याला निधी मागून मिळतो, तोही मोजून. शेजारच्या तालुक्यांत कारखान्यांची धुराडी उभी राहिली तेव्हा सांगोला मागं राहिला, हे खरं आहे. प्रामाणिक माणूस निवडला की सगळं आपोआप होतं, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. त्याची किंमत असते. सांगोल्याच्या माणसानं ती मोजली, आणि मोजून पुन्हा त्याच बावट्याला मत दिलं. एकदा नाही, अकरा वेळा. जुनी माणसं सांगतात, प्रचाराला कार्यकर्ते स्वतःची भाकरी बांधून जायचे. जेवणावळ नाही, पाकीट नाही. आबासाहेबांच्या पोस्ट टाकताना या मतदाराचा फोटो कुणी टाकत नाही. खरं तर तोच दुर्मिळ झालाय.

दुसरा प्रश्न जास्त अवघड. 2019 ला ते थांबले आणि उमेदवारी घरातच, नातवाकडं गेली. तो 768 मतांनी पडला. पुढं 2024 ला घरातलाच दुसरा नातू, बाबासाहेब, निवडून आला. लोकांनी निवडून दिलंय, तेव्हा त्यात गैर काही नाही. पण शेतकरी-कामगारांच्या पक्षाला साठ वर्षांनंतर घराबाहेरचा माणूस का सापडू नये? माझ्या मते एक माणूस एवढा मोठा झाला की बाकीच्यांनी मोठं व्हायचं सोडून दिलं. हा दोष त्यांचा थोडा, आणि "आबासाहेब आहेत ना, बघतील" म्हणून निवांत झोपणाऱ्यांचा जास्त. चांगल्या माणसाच्या भरवशावर राहायची सवय ही पण एक वाईट सवय आहे.

30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले, इथंच सोलापुरात, दवाखान्यात. वयाची 95 वर्षं पूर्ण व्हायला दहा-अकरा दिवस कमी होते. वर्षभरानं, 2022 च्या जूनमध्ये, अख्ख्या देशाला सांगोला कळला तो गुवाहाटीहून आलेल्या झाडी-डोंगर-हाटेलच्या फोनमुळं. आपण सगळे हसलो, रील बनवल्या, मीही चार जणांना पाठवली. साठ वर्षं एका जागी राहून काम केलेल्या माणसाचं नाव सोलापूर जिल्ह्याबाहेर किती जणांना माहीत आहे? त्यात गुवाहाटीवाल्यांपेक्षा आपला दोष जास्त आहे. आपण काय फॉरवर्ड करतो, त्यावरून आपल्याला काय मिळतं ते ठरतं.

आता परत आमच्या गल्लीत या.

सोलापुरात महापालिकेची मुदत 2022 ला संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. एवढ्या दिवसांत आपल्यापैकी किती जणांना नगरसेवक नसल्याचं जाणवलं? प्रामाणिकपणे सांगा. उजनी उशाला असून नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. ते नगरसेवक असतानाही तसंच आणि नसतानाही तसंच. ज्याच्या असण्या-नसण्यानं आपल्या घागरीत फरक पडत नाही, त्याला आपण निवडून तरी कशासाठी देतो?

फरक पडायचा असेल तर मत मागायला येणाऱ्याला मी इथून पुढं तीन साधे प्रश्न विचारणार आहे. पहिला, तू राहतोस कुठं, आणि निवडून आल्यावर कुठं राहणार? दुसरा, तुझ्या घरच्या नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं? ज्याला हा वार पाठ नाही त्याच्या घरी बहुतेक टँकर येतो. तिसरा, पडलास तर दुसऱ्या दिवशी काय करणार? आबासाहेबांना आबासाहेब कशानं केलं असेल तर या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरानं. 1972 ला आणि 1995 ला त्यांनी ते उत्तर बोलून नाही, राहून दिलं.

सांगोल्यात त्यांचा पुतळा उभा राहिलाय, मोठमोठे नेते आले होते अनावरणाला. चांगलं झालं. पण पुतळ्याला जाब विचारता येत नाही. जाब द्यायला चौकात राहणारा, आपल्यासारखाच प्रपंच असलेला जिवंत माणूस लागतो. आणि तो विचारायला आपण लागतो.

शेवटचं. असा एखादा माणूस तुमच्या वस्तीत नक्की असेल. कुणाचं रेशन कार्ड करून देणारा, रात्री-अपरात्री सिव्हिलला सोबत जाणारा, मयतीच्या सामानाची यादी तोंडपाठ असलेला, आणि घरी बायकोची बोलणी खाणारा. निवडणुकीत त्याला कुणी तिकीट देत नाही, आणि आपणही "चांगला आहे हो, पण निवडून येणार नाही" म्हणून दुसऱ्यालाच मत देतो.

कमेंटमध्ये हात जोडू नका. त्याचं नावही लिहू नका, उगाच त्याला त्रास व्हायचा. तो काय काम करतो तेवढं लिहा. बघू तरी, आपल्या सोलापुरात अशी किती माणसं आहेत.