धक्का मारण्यापूर्वी निदान करा



आंबिया बहाराच्या संत्र्याची तोडणी सुरू झाली की आपल्या सावरगाव, पांढुर्णा, सौंसर भागात पहाटेपासून पिकअप गाड्यांची धावपळ असते. माल वेळेवर नागपूरच्या कळमना बाजारात पोचला तर दोन पैसे हाती येतात. उशीर झाला तर पडेल त्या भावाने द्यावा लागतो. आणि नेमक्या याच दिवसांत, थंडीच्या पहाटे, डिझेलची गाडी रुसून बसते. मग काय होते ते सर्वांना ठाऊक आहे. बॅटरी बसेपर्यंत सेल्फ मारतात, चार जण धक्का देतात, नाहीतर ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी ओढतात. कोणी हवेच्या नळीत ईथरचा फवारा सोडतो, कोणी तेथे पेटते फडके धरतो. गाडी लागली की सारे विसरले जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच तमाशा!

माझे स्पष्ट मत असे की, हा इलाज नव्हे. तापाचे कारण न शोधता रोज गोळी देण्यासारखे हे आहे. रोग आत वाढत राहतो आणि शेवटी खर्च दसपट होतो.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने १८९७ साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखविले. त्यात ठिणगी नाही. आतली हवा सोळा-वीस पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती पाचशे अंशांहून अधिक तापते आणि नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेटते. म्हणजे सुरू होण्यासाठी तीनच गोष्टी हव्यात: पुरेसा वेग, पुरेशी उष्णता आणि वेळेवर पोचलेले डिझेल. यांतले काय कमी पडते, हे गाडी स्वतःच सांगते. आपण ऐकावे आणि पाहावे.

प्रथम कान द्यावा. सेल्फ जड आणि हळू फिरत असेल तर दोष बहुधा बॅटरीत किंवा तिच्या वायरीत असतो. इंजिन हळू फिरले की हवा तापण्याआधीच थंड होते आणि आपण विनाकारण पंपाला दोष देतो. चांगली भरलेली बॅटरी स्वस्थ असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखविते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली गेली तर ती कमजोर समजावी. मात्र नवी बॅटरी आणण्यापूर्वी टोकांवरची पांढरी-हिरवी बुरशी साफ करून क्लॅम्प घट्ट आवळावेत. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. बॅटरीजवळ बिडी ओढू नये. तिच्यातून पेटणारा वायू निघतो.

नंतर सायलेन्सरकडे पाहावे. सेल्फ जोमाने फिरतो, पण धूर मुळीच नाही, तर डिझेल आत पोचतच नाही. टाकी, तुंबलेला फिल्टर, नळीत धरलेली एअर, बंद करणारा सोलेनॉइड, या क्रमाने तपासावे. रात्रभर उभी गाडी हातपंप दाबल्यावर लगेच लागत असेल, तर नळीला कोठेतरी हवा लागते आहे आणि डिझेल रात्री टाकीत उतरते आहे. पांढरा धूर भरपूर येत असेल, तर डिझेल पोचते पण पेटत नाही. तेव्हा ग्लो प्लग, डिझेलमधील पाणी, टायमिंग आणि शेवटी कॉम्प्रेशन पाहावे. गरम असता एका सेल्फला लागणारी गाडी थंडीतच अडत असेल, तर ग्लो प्लग प्रथम तपासावेत. ते ठीक असूनही निळा धूर येत असेल आणि ऑइल कमी होत असेल, तर रिंगा-लायनर झिजले असे समजावे. फिटरकडे जाताना एवढे सांगितले तरी त्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात.

ग्लो प्लग असलेल्या गाडीत ईथर कधीही मारू नये. ते अवेळी भडकून पिस्टन फोडू शकते. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा अधिक मारू नये. मध्ये अर्धा मिनिट थांबावे. जुन्या इंजिनाला हॅण्डल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, नाहीतर उलट फटक्याने मनगट मोडते. नव्या कॉमन रेल गाडीची नळी तर घरी सैल करूच नये. तेथील डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटींहूनही वर जातो. ती धार कातडीत घुसली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. अशा वेळी दुखत नसले तरी तडक इस्पितळ गाठावे.

आणखी एक. थंडी म्हणून बंद शेडमध्ये किंवा गोठ्याला लागून गाडी तापवत ठेवू नये. डिझेलच्या धुराने कर्करोग होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली जाहीर केले आहे. लेकरे आणि जनावरे तोच धूर ओढतात.

कोणी म्हणेल, तोडणीच्या घाईत एवढे पाहायला वेळ कोणाला आहे? खरे आहे. म्हणूनच हे काम तोडणीपूर्वी करावे. दिवाळीच्या सुमारास फिल्टर बदलावा, त्यातील पाणी काढावे, बॅटरी तपासून घ्यावी. मत्तयच्या शुभवर्तमानातील दहा कुमारिका आपल्याला माहीत आहेत. पाच जणींनी तेल आधीच बरोबर घेतले होते. बाकीच्या पाच ऐनवेळी तेल आणायला धावल्या आणि दार बंद झाले. आपल्यालाही बाजाराचे दार उघडे असताना पोचायचे आहे.