माहिती तिची, मर्जीही तिचीच



सासर अमरावतीचं, माहेर अकोल्याचं. अशी बाई मार खाऊन घराबाहेर पडते तेव्हा तिची हकीकत किती ठिकाणी लिहिली जाते? सरकारी दवाखान्यात, पोलिस ठाण्यात, संरक्षण अधिकाऱ्याकडे, सखी केंद्रात, विधी सेवा प्राधिकरणात आणि आपल्या संघटनेच्या रजिस्टरातही. एकीकडे नाव माहेरचं, दुसरीकडे सासरचं. कुठे मारहाणीची तारीख, तर कुठे ‘पोळ्यानंतर चार दिवसांनी’. पुढे कोर्टात नवऱ्याचा वकील याच तफावतीवर बोट ठेवतो आणि बाईच खोटी ठरवली जाते. नोंदींचा मेळ नसणं ही नुसती कारकुनी बाब नाही. ती न्यायाची बाब आहे.

एक नमुना आपल्या हाताशी आहेच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या नियमांत घटना अहवालाचा छापील नमुना आहे. संरक्षण अधिकारी तो भरतात, नोंदणी झालेल्या सेवाभावी संस्थाही भरू शकतात. आपल्या सगळ्या रजिस्टरांनी त्याचाच सांगाडा घेतला, दोन्ही नावं आणि नेमकी तारीख लिहिली, तर बाईला तीच जखम सहा वेळा उघडी करावी लागणार नाही.

पण माहिती जोडली जाते तशी ती गळतेही. अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो. गाव लहान असतं, त्या ग्रुपमध्ये कुणाचा तरी दीर असतोच. आधारगृहाचा पत्ता सासरी पोचला तर जिवावर बेततं. म्हणून तर बाईची इच्छा नसेल तर आधारगृहाने तिची ओळख सांगू नये, असं या कायद्याचे नियमच सांगतात. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. तीच काळजी टाकलेल्या, मार खाल्लेल्या बाईच्या कागदांचीही घ्यायला नको का?

आमचं म्हणणं साधं आहे. फायलीवर नाव नको, क्रमांक हवा. नावांची वही वेगळी आणि कुलुपात. ज्याला जेवढं लागतं तेवढंच द्यावं. रेशनकार्डाच्या कामाला वैद्यकीय अहवाल कशाला? दर वेळी तिला विचारावं, तिच्या भाषेत वाचून दाखवावं, मेळघाटात कोरकूतून. एकदा घेतलेला अंगठा म्हणजे कायमची संमती नव्हे. तिला ती मागे घेता आली पाहिजे. २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानेही हेच तत्त्व मानलं आहे. आणि सरकारने आकडे मागितले तर आकडे द्यावेत, नावांच्या याद्या नव्हेत.

संगणक येवोत, नवी पोर्टलं येवोत. मुख्य प्रश्न तोच राहतो. बाईच्या दुःखावर ताबा कुणाचा? आपल्या गटात यावर बोला, आपली रजिस्टरं एकदा काढून पाहा आणि काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.