ब्रँच कुठली घेतलीस?

कॉलेजात पाय ठेवल्यावर सिनियर पहिला प्रश्न हाच विचारतात, नाही का? आणि आपलं उत्तरही ठरलेलं... ‘सीईटीच्या मार्कांत बसली ती!’ पण मित्रांनो, त्याच्याही आधी एका फॉर्मवर मी अशीच डोळे झाकून निवड केली होती. तो फॉर्म होता एनडीएचा.

बारावीत आम्ही चौघं मित्र सायबर कॅफेत बसलो होतो. फॉर्मवर भूदल, नौदल, हवाई दल यांचा पसंतीक्रम विचारला होता. एकाने पहिलं हवाई दल टाकलं, उरलेल्या तिघांनी तेच टाकलं. दोन मिनिटांत काम फत्ते! कारण काय, तर विमान, गॉगल आणि निळा युनिफॉर्म.

लेखी परीक्षा पास झालो आणि स्वारी हवेत! गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता ६०० ची. पण एसएसबी एकटीच ९०० ची! तिथे मुलाखतीत साहेबांनी शांतपणे विचारलं, “हवाई दलच का?”

“सर, देशसेवा...”

“ती भूदलातही होते.”

पुढे माझी बोलतीच बंद. शेवटच्या दिवशी नंबर पुकारले गेले, त्यात माझा नव्हता.

माझे मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. सगळं ऐकून ते म्हणाले, “अरे, तू कपडे निवडलेस. काम निवडलंसच नाहीस.”

तेव्हा राग आला होता. आज पटतं. खडकवासल्यात तिन्ही दलांची मुलं (आणि २०२२ पासून मुलीही) तीन वर्षं एकत्र शिकतात. मग वाटा फुटतात. भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे एळिमलाला, हवाई दलाचे दुंडिगलला. पुढचं आयुष्यही तितकंच वेगळं. भूदलात बाविशीतल्या पोराच्या हाताखाली तीसएक जवान येतात, त्यातले कित्येक त्याच्याहून वयाने मोठे. नौदलात आठवडेच्या आठवडे पाणी, यंत्रं आणि तेच ते चेहरे. हवाई दलात तर सगळेच उडत नाहीत! जमिनीवरून विमानं सज्ज ठेवणारेही अधिकारीच असतात. आणि वैमानिकासाठीची संगणकीय चाचणी जन्मात एकदाच देता येते. हे फॉर्म भरताना आमच्यापैकी एकाला तरी ठाऊक होतं का?

घरच्यांचा हिशेब आणखी वेगळा. आई म्हणायची, “नेव्ही घे बाबा, तिथे गोळ्या लागत नाहीत.” पण ९ डिसेंबर १९७१ ला ‘खुकरी’ युद्धनौका बुडाली, तेव्हा कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. सुरक्षित दल असं काही नसतंच.

कुणी म्हणेल, शेवटी मेरिटच ठरवणार, मग एवढा विचार कशाला? खरंय. अलीकडे प्रबोधिनीच्या जागा ३७०, त्यातल्या २०८ भूदलाच्या, १२० हवाई दलाच्या, नौदलाच्या फक्त ४२. म्हणूनच तर दुसरी पसंतीसुद्धा अशी हवी, की ती मिळाली तर कपाळाला हात लावायची वेळ येऊ नये!

तेव्हा बारावीतल्या धाकट्या भावंडांना एवढंच सांगा... युनिफॉर्म बघू नका, त्या अधिकाऱ्याचा साधा मंगळवार कसा जातो ते विचारा. गावात निवृत्त फौजी असतातच, एक चहा पाजा, सगळं सांगतील.

आणि माझं? मागच्या वर्षी एनएसएसच्या कॅम्पात वीस जणांना घेऊन बंधारा बांधला. हाताला फोड आले, पण तेवढी मजा कुठल्याच प्रॅक्टिकलला आली नाही. भूदलात इंजिनिअरना लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबीला बोलावणारा मार्ग आहे. फायनल इयरला मी अर्ज करणार आहे. निवड होईल न होईल, पण ‘भूदलच का?’ असं कुणी विचारलं, तर या खेपेला माझ्याकडे उत्तर आहे.