गेलेली श्रद्धा

विपत्तींत कोणाची श्रद्धा डळमळली, कीं लोक त्यास नास्तिक ठरवून मोकळे होतात. आम्हांस ही घाई मान्य नाहीं. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळांत तुकोबांचें दिवाळें निघालें, पत्नी उपासमारीनें गेली, मुलगाही गेला. पुढें काय झालें? परंपरा सांगते कीं, देहूस विठ्ठलाचें मोडकळीस आलेलें देऊळ त्यांनीं स्वतः खपून उभें केलें आणि आपल्या वांट्याचीं कर्जखतें इंद्रायणींत बुडविलीं. चमत्कार रंगवून सांगणारे कित्येक कीर्तनकार या खतांवरून मात्र लगबगीनें पुढें सरकतात. श्रोत्यांत सावकारही असतात ना! आमच्या मतें तुकोबांचें मन सावरलें तें याच दोन कामांनीं. घरचें माणूस गमावून देवावर रुसलेल्यास आज निरूपण ऐकविणारे पुष्कळ भेटतात. त्याच्या दारीं वसुलीस आलेला मात्र मागें फिरत नाहीं.